विश्लेषण : भाजल्यावरची पहिली २० मिनिटे कोणाच्या हातात? जळितांचे सर्जन डॉ. अंतिया रायगडच्या गावांकडे का वळले?

पेणमधल्या एखाद्या स्वयंपाकघरात कढईतले तेल हातावर उडाले किंवा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत कामगाराच्या अंगावर रसायन सांडले, तर भाजलेल्या माणसाला सर्वांत आधी हात लावणारा डॉक्टर नसतो. घरची सून असते, शेजारीण असते, शिफ्टमधला सोबती असतो. जखम किती खोल जाणार, त्वचा वाचणार की जाणार, यातला बराचसा निकाल याच लोकांच्या हातून, तोही पहिल्या अर्ध्या तासात लागतो. देशातील नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया हे आयुष्याची उमेदीची वर्षे भाजलेल्या आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेल्या शरीरांची दुरुस्ती करण्यात घालवून शेवटी याच पहिल्या माणसाकडे, म्हणजे गावातल्या साध्या बाईकडे वळले. त्यांच्या या प्रवासाचे पहिले मोठे ठिकाण होते पेणला लागून असलेल्या अलिबाग तालुक्यातील मांडवा. डॉ. अंतिया कोण होते, प्लास्टिक सर्जरी सोडून ते गावात का शिरले आणि भाजण्यावरील प्रथमोपचाराशी त्याचा काय संबंध, याचा हा आढावा.

डॉ. अंतिया कोण होते?

नोशीर होरमसजी अंतिया यांचा जन्म १९२२ मध्ये हुबळीत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. पुढे ते इंग्लंडला गेले, तिथे एफआरसीएस झाले आणि सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकले. गिलीज हे नाव या शाखेत फार मोठे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे उडालेले सैनिक आणि युद्धनौकांवर होरपळलेले खलाशी यांच्यावर शस्त्रक्रिया करता करता त्यांनी आधुनिक प्लास्टिक सर्जरीची घडी बसवली.

आज प्लास्टिक सर्जरी म्हटले की नाक सरळ करणे, ओठ भरणे असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. मुळात मात्र ही शाखा युद्धात जळालेल्या आणि फाटलेल्या शरीरांतून उभी राहिली. अंतिया ज्या परंपरेत तयार झाले ती ही होती.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात परतले. पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात त्यांनी काम केले. वाकडी झालेली बोटे, बसलेले नाक, झडलेल्या भुवया यांवर शस्त्रक्रिया करून रुग्णाला पुन्हा चारचौघांत वावरता यावे, हा त्यामागचा हेतू. त्या काळी कुष्ठरुग्णाला साध्या रुग्णालयात खाट मिळणे अवघड होते. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी टाटांच्या नावाचा प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला, तेव्हा कुष्ठरुग्णांना इतर रुग्णांबरोबरच दाखल करून घेण्याचा आग्रह धरला. कानाच्या कडेचा तुकडा गेला असेल तर उरलेल्या कानातूनच तो भरून काढण्याची त्यांनी आणि डॉ. बुच यांनी १९६७ मध्ये मांडलेली पद्धत ‘अंतिया-बुच फ्लॅप’ या नावाने जगभरचे सर्जन आजही वापरतात.

जळीत रुग्णांच्या वॉर्डात काय दिसायचे?

प्लास्टिक सर्जनकडे भाजलेला रुग्ण दोनदा येतो. एकदा ताजा जळालेला असताना आणि दुसऱ्यांदा काही महिन्यांनी, जखम भरल्यावर. खरे तर भरली म्हणण्यासारखी ती नसते. खोल भाजलेली कातडी भरताना आक्रसते. मानेवर भाजले असेल तर हनुवटी छातीला चिकटून बसते, काखेत भाजले असेल तर हात वर जात नाही, बोटे तळहाताकडे वळून तिथेच राहतात. मग ती कातडी सोडवायची, मांडीवरची पातळ त्वचा काढून तिथे लावायची, पुन्हा आक्रसू नये म्हणून महिनोन्‌महिने पट्टा बांधायचा. एकेका रुग्णावर चार-चार, पाच-पाच शस्त्रक्रिया.

जे. जे. सारख्या सरकारी रुग्णालयात येणारे हे रुग्ण कोण होते? रॉकेलचा स्टोव्ह, जमिनीवरची चूल, नायलॉनची साडी आणि खोलीतच स्वयंपाक, हे त्या काळच्या गरीब घरांचे चित्र. नायलॉन आणि पॉलिएस्टर पेटले की वितळून कातडीला चिकटते. त्यामुळे जळितांच्या वॉर्डात तरुण बायकांची संख्या मोठी असे. त्यातल्या किती जणी अपघाताने भाजल्या आणि किती जणींना जाळले गेले, हा प्रश्न पुढे कायद्यापर्यंत पोहोचला. १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात विवाहितेच्या छळाचे कलम ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब.

इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण गावात अजूनही गैरसमज आहे. पोलिसांचे कागद झाल्याशिवाय उपचार होत नाहीत, असे समजून लोक वेळ घालवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे की, जीव वाचवण्याचे उपचार आधी, पोलीस नंतर. सरकारी असो की खासगी, कोणताही डॉक्टर त्यासाठी थांबू शकत नाही.

लेप की पाणी? हा वाद युद्धात मिटला

भाजले की काहीतरी लावायचे, ही सवय फक्त आपल्याकडची नाही. १९२५ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डेव्हिडसन या सर्जनने भाजलेल्या जागेवर टॅनिक अॅसिड लावण्याची पद्धत आणली. कातडे कमावायला वापरतात तेच हे द्रव्य. जखमेवर कडक, काळसर पापुद्रा धरायचा आणि आतला भाग सुरक्षित राहील असे वाटायचे. पुढची पंधरा वर्षे जगभर हेच चालले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे लढाऊ वैमानिक पेटलेल्या विमानातून बाहेर पडू लागले आणि हा लेप उघडा पडला. कडक पापुद्र्याखाली बोटे करकचून आवळली जात, पापण्या मिटेनाशा होत, खाली पू साठे. गिलीज यांचेच नातलग आणि शिष्य असलेले सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्याकडे हे वैमानिक येत. त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. जमिनीवर उतरलेल्या वैमानिकांपेक्षा समुद्रात पडलेल्यांच्या जखमा चांगल्या भरत होत्या. त्यांनी टॅनिक अॅसिडला विरोध केला आणि वॉर्डात मिठाच्या सौम्य पाण्याचे टब बसवले.

मॅकिंडोंचे टब हे रुग्णालयातले उपचार होते, प्रथमोपचार नव्हे. घटना घडताच थंड पाणी ओतल्याने काय होते, याचे पद्धतशीर प्रयोग आइसलँडचे डॉक्टर ओफेइगसन यांनी केले आणि १९५९ मध्ये ब्रिटिश प्लास्टिक सर्जनांच्या नियतकालिकात मांडले. म्हणजे अंतिया जे. जे. मध्ये विभाग उभारत होते, त्याच सुमारास पाण्याच्या बाजूने शास्त्रीय पुरावा उभा राहत होता. आज साठ-पासष्ट वर्षांनंतरही पेणच्या बाजारात भाजल्यावर काय लावावे असे विचारले, तर टूथपेस्ट, हळद, तूप, बटाट्याचा कीस, शाई आणि पिवळे मलम ही उत्तरे पाण्याच्या आधी येतील.

पाणीच का? त्वचेच्या आत काय घडते?

भाजलेल्या जागेचे तीन थर किंवा वर्तुळे असतात, हे बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. मधला भाग जागेवरच मेलेला असतो, तो परत येत नाही. सर्वांत बाहेरचा भाग नुसता लाल झालेला असतो, तो आपोआप बरा होतो. खरा खेळ या दोहोंच्या मधल्या पट्ट्याचा. तिथला रक्तप्रवाह मंदावलेला असतो, पेशी जिवंत असतात, पण काठावर. पुढच्या एक-दोन दिवसांत हा पट्टा जगला तर जखम उथळ राहते, मेला तर ती खोल होते आणि कातडी लावण्याची वेळ येते.

चटका बसल्यावर तवा किंवा तेल बाजूला झाले तरी त्वचेत शिरलेली उष्णता लगेच बाहेर पडत नाही. ६० अंश सेल्सिअसचे पाणी मोठ्या माणसाची त्वचा साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजू शकते आणि तळणीचे तेल १७० ते १८० अंशांचे असते. वाहते पाणी ही उष्णता ओढून नेते, वेदना कमी करते आणि सूज आटोक्यात ठेवते. त्याचा सर्वाधिक फायदा त्या काठावरच्या पट्ट्याला होतो. वरून तूप किंवा टूथपेस्टचा थर दिला की नेमके उलटे होते. उष्णता आत कोंडते आणि रुग्णालयात डॉक्टरला तो थर खरवडून काढावा लागतो. रुग्णाच्या किंकाळ्या तेव्हा ऐकण्यासारख्या नसतात.

सध्या बहुतेक तज्ज्ञ सांगतात ते प्रमाण असे : साधे, गार, वाहते पाणी सलग २० मिनिटे. लगेच जमले नाही, तरी ३ तासांच्या आत केलेल्या गारव्याचा उपयोग होतो. बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आवळतात आणि वाचू शकणारा भाग मरतो.

पाणीच नसेल तर?

हा प्रश्न पेणमध्ये काल्पनिक नाही. पेणच्या खारेपाटातील गावांची पिण्याच्या पाण्याची रड अनेक वर्षांची आहे. चारी बाजूंनी खाडी आणि हंडा रिकामा. तिथे २० मिनिटे नळ सोडून ठेवा असे सांगणे म्हणजे थट्टाच. पण हिशेब केला तर गोष्ट इतकी अवघड नाही. मिनिटाला एक लिटर या बेताने तांब्याने धार धरली तर २० मिनिटांना २० लिटर, म्हणजे साधारण एक बादली पाणी लागते. भाजलेल्या हाताखाली परात ठेवायची आणि परातीत साठलेले स्वच्छ पाणी पुन्हा वापरायचे, तर अर्ध्या बादलीतही भागते. पाणी विहिरीचे, हातपंपाचे, माठातले, टाकीतले कोणतेही चालेल. डबक्यातले गढूळ पाणी मात्र टाळावे.

पाणी ओततानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ, कमरेचा गोफ काढून घ्यायचा. अर्ध्या-एक तासात सूज चढते आणि मग अंगठी कापूनच काढावी लागते. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, भोवतालचा कापून घ्यायचा. फोड फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ, धुतलेले सुती कापड सैल झाकायचे. स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म असेल तर तीही चालते, मात्र हाताभोवती आवळून गुंडाळायची नाही, नुसती पसरून ठेवायची. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. लहान मूल असेल किंवा मोठा भाग भाजला असेल तर भाजलेल्या जागेवर पाणी आणि बाकी अंगावर चादर, नाहीतर मूल थंडीने काकडते.

अंगावरचे कपडे पेटले असतील तर धावायचे नाही. धावल्याने वारा मिळतो आणि उभ्या माणसाच्या ज्वाळा चेहऱ्याकडे जातात. आडवे पाडायचे, जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकून आग दाबायची आणि लगेच पाणी.

अंतिया वॉर्ड सोडून गावात का गेले?

जे. जे. मधील विभाग नावारूपाला आला होता, देश-परदेशात मान मिळाला होता. अशा टप्प्यावर बहुतेक सर्जन खासगी रुग्णालयाची पायरी चढतात. अंतिया यांना दुसराच प्रश्न सतावत होता. ज्या रुग्णाच्या बोटांवर आपण चार-पाच शस्त्रक्रिया करतो, त्याचा कुष्ठरोग गावातच सुरुवातीला ओळखला गेला असता आणि गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर बोटे वाकडी झालीच नसती. मग आपण नेमके काय करतो आहोत? फुटलेल्या नळाखालची फरशी पुसत बसलो आहोत का?

या प्रश्नातून १९७०च्या दशकात दोन संस्था उभ्या राहिल्या. कुष्ठरोगासारख्या आजारांवर प्रयोगशाळेत संशोधन करणारी फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च आणि गावपातळीवरच्या आरोग्याचा अभ्यास करणारी फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ. दुसऱ्या संस्थेचे बीज मांडव्यात होते.

मांडवा म्हटले की आज गेटवेहून येणारी बोट आणि शनिवार-रविवारचे बंगले आठवतात. तेव्हाचे मांडवा म्हणजे मुंबईचे दिवे दिसतील इतके जवळ, पण दवाखान्याच्या बाबतीत कोसो दूर. अंतिया यांनी या परिसरातील सुमारे ३० गावांतून, जवळपास ३० हजार लोकसंख्येसाठी, गावातल्याच बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून निवडल्या. बहुतेकींचे शिक्षण जेमतेम, काही तर निरक्षर. त्यांना किरकोळ आजारांवरचे उपचार, गरोदर बाईची काळजी, लसीकरण, कुटुंबनियोजन आणि कुष्ठरोग व क्षयरोगाची लक्षणे ओळखणे शिकवले.

या बायका शिकतील का, अशी शंका अनेक डॉक्टरांना होती. त्या शिकल्या. अंगावरचा बधिर चट्टा त्या शेजारणीच्या नात्याने पाहत, जे सरकारी कर्मचाऱ्याला सहज दाखवले जात नसे. गावातल्या बहुतांश तक्रारी गावातच, थोड्या खर्चात सुटू शकतात, हे मांडव्याने दाखवले. त्याच दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही १९७० पासून याच वाटेने चालले होते. महाराष्ट्रात दोन ठिकाणी दोन वेगळ्या स्वभावाची माणसे एकाच निष्कर्षाला येत होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मांडव्याचा प्रकल्प का थांबला?

काम फसले म्हणून तो थांबला नाही. गरीब घरातली बाई औषध देऊ लागली, तपासू लागली, हक्काने प्रश्न विचारू लागली, तेव्हा स्थानिक पुढाऱ्यांना आणि आरोग्य यंत्रणेतल्या काहींना ते रुचले नाही. सुमारे दशकभराच्या कामानंतर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकल्प गुंडाळावा लागला. आरोग्य हा औषधापेक्षा सत्तेचा प्रश्न अधिक आहे, हा धडा अंतिया यांनी इथे घेतला आणि नंतरच्या लेखनात तो उघडपणे मांडला. स्वतःच्या व्यवसायाच्या बाजारीकरणावर त्यांच्याइतकी कठोर टीका त्या पिढीतील फार थोड्या सर्जनांनी केली असेल.

तोवर हा विचार दिल्लीपर्यंत गेला होता. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटात अंतिया होते. सर्वांसाठी आरोग्याचा पर्यायी मार्ग मांडणारा या गटाचा अहवाल १९८१ मध्ये आला. पुढे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे खोऱ्यात त्यांच्या संस्थेने पुन्हा गावच्या बायकांना हाताशी धरून काम उभे केले. तिथे त्यांना ताई म्हणत. १९९० मध्ये अंतिया यांना पद्मश्री मिळाली. २००५ मध्ये देशात आशा कार्यकर्तीची योजना सुरू झाली, तेव्हा मांडवा आणि जामखेडसारख्या प्रयोगांत तपासून पाहिलेली कल्पनाच सरकारी रूपात आली. जून २००७ मध्ये अंतिया यांचे निधन झाले.

भाजलेल्या रुग्णासाठी अंतर इतके महत्त्वाचे का?

अंतिया यांच्या विचाराचे गणित सर्वांत स्पष्ट दिसते ते भाजण्याच्या बाबतीत. मोठा भाग भाजला की रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते. पहिल्या २४ तासांत रुग्ण दगावतो तो बहुधा या पाण्याअभावी. ते भरून काढण्यासाठी डॉक्टर एक सूत्र वापरतात. प्रत्येक किलो वजनामागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिलिलिटर सलाइन.

उदाहरण घेऊ. ५० किलो वजनाची बाई, शरीराचा ३० टक्के भाग भाजलेला. ४ गुणिले ५० गुणिले ३० म्हणजे ६ हजार मिलिलिटर, अर्थात २४ तासांत ६ लिटर. यातले निम्मे, म्हणजे ३ लिटर पहिल्या ८ तासांतच जायला हवे. हा सुरुवातीचा अंदाज असतो, लघवी किती होते ते पाहून डॉक्टर तो कमी-जास्त करतात. यातली मेख अशी की हे ८ तास रुग्णालयात पोहोचल्यापासून मोजत नाहीत, भाजल्या क्षणापासून मोजतात.

आता हेच सूत्र रोह्याला लावून पाहा. रोहा ते मुंबई रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक. मुंबई-गोवा महामार्गाची रखडकथा सर्वांना ठाऊक आहे. घरी तासभर टूथपेस्ट आणि चर्चा, मग गाडीची शोधाशोध, मग थेट मुंबई गाठायचा निर्णय, वाटेत कोंडी, पहिल्या रुग्णालयात खाट नाही म्हणून दुसरे. यात पाच-सहा तास सहज जातात आणि तोवर सलाइनची पहिली बाटलीही लागलेली नसते. म्हणून मोठ्या जळितात आधी जवळचे रुग्णालय, मग मुंबई. रोहा आणि पेण येथील उपजिल्हा रुग्णालये किंवा अलिबागचे जिल्हा रुग्णालय इथे सलाइन, वेदनाशामक इंजेक्शन आणि श्वासाची तपासणी करून घ्यायची आणि मग १०८ रुग्णवाहिकेने ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर किंवा मुंबईतील कस्तुरबा, मसीना यांसारख्या जळीत विभाग असलेल्या ठिकाणी न्यायचे. निघण्यापूर्वी फोन करून खाटेची चौकशी करणे उत्तम.

किती भाजले हे कसे ओळखायचे?

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराचा अंदाजे १ टक्का. मुलाच्या बाबतीत मुलाचाच तळहात धरायचा. मोठ्या माणसात १५ टक्क्यांच्या आणि मुलांत १० टक्क्यांच्या वर भाजले असेल तर सलाइन लागणार, हे गृहीत धरायचे. चेहरा, हात, पाऊल, सांधे किंवा गुप्तांगावर भाजले असेल तर टक्केवारी न पाहता रुग्णालय. बंद खोलीतल्या धुरात अडकलेला, आवाज बसलेला, नाकातले केस जळालेला रुग्ण बाहेरून ठीक दिसला तरी आतून श्वासनलिका सुजत असते. त्याला घरी ठेवायचे नाही. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट. जी जखम अजिबात दुखत नाही, पांढरी किंवा चामड्यासारखी दिसते, ती सर्वांत खोल असते.

पेण-रोह्यात वेगळे धोके कोणते?

रोह्याच्या धाटावमध्ये रासायनिक कारखाने आहेत आणि तालुक्यातील नागोठण्याने मोठी आग पाहिली आहे. ५ नोव्हेंबर १९९० रोजी तिथल्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायुगळतीनंतर स्फोट झाला, त्यात तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. आम्ल किंवा क्षार अंगावर पडला तर २० मिनिटे पुरत नाहीत, त्याहून बराच वेळ धुवावे लागते आणि क्षाराला आम्लापेक्षा जास्त. कोरडी पूड किंवा चुना असेल तर आधी झटकायचा, मग धुवायचा. आम्लावर सोडा आणि क्षारावर लिंबू असला शाळेतला प्रयोग अंगावर करायचा नाही, त्यातून आणखी उष्णता तयार होते. कारखान्यात पुरेशा प्रथमोपचार पेट्या असायलाच हव्यात आणि ५०० हून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्षही. कंत्राटी कामगारांनी ती पेटी कुठे आहे एवढे तरी पहिल्या दिवशी विचारून घ्यावे.

पेणच्या मूर्ती कारखान्यांतला धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवले की घट्ट होताना तापते. जाड थरात ही उष्णता भाजण्याइतकी वाढू शकते. घमेल्यात किंवा साच्यात हात बुडवून ठेवणे मुलांना गंमत वाटते, ती महागात पडते. तालुक्यातले कातकरी कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर राबतात, कुटुंबासह तिथेच राहतात आणि त्यांची लहान मुले निखाऱ्यांच्या आसपास खेळतात. त्यांच्यापर्यंत ना पेटी पोहोचते, ना पोस्टर. पोहोचलीच तर आशाताई पोहोचते.

विजेचा धक्का बसून भाजले असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, मग हात लावायचा. बाहेर छोटा डाग दिसला तरी आत स्नायू जळालेले असू शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा प्रत्येक रुग्णाचा ईसीजी काढून घ्यायला हवा.

केळीचे पान, बटाट्याची साल यांचे काय?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या या सल्ल्यांना थोडा आधार आहे, म्हणूनच ते जास्त फसवे आहेत. १९८०च्या दशकात मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून जखम झाकण्याचा प्रयोग झाला. पुढे सायन रुग्णालयात केळीच्या पानांच्या पट्ट्या वापरल्या गेल्या, त्याही निर्जंतुक करूनच. पट्टी जखमेला चिकटू नये आणि बदलताना दुखू नये हा त्यामागचा हेतू होता. महागड्या परदेशी पट्ट्या परवडत नसलेल्या देशात ही हुशारी मोठीच. पण ती गार केलेल्या, धुतलेल्या जखमेवरची नंतरची पायरी आहे, तीही रुग्णालयातली. परसातले पान तोडून ताज्या जखमेवर ठेवणे म्हणजे तो उपचार नव्हे.

केंद्र सरकारच्या जळीत प्रतिबंध कार्यक्रमाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ७० लाख लोक भाजतात आणि १ लाख ४० हजार जणांचा मृत्यू होतो. यातले बहुसंख्य कोणत्याही जळीत विभागापासून तासन्‌तास लांब असतात.

रुग्णालयात नेताना काय सांगायचे?

पाच गोष्टी : कशाने भाजले, किती वाजता भाजले, पाणी किती वेळ ओतले, खोली बंद होती का आणि रुग्णाचे अंदाजे वजन किती. गरोदर बाई, मधुमेही किंवा फिट येणारा रुग्ण असेल तर तेही सांगायचे. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत असेल तर बरेच. रासायनिक जळीत असेल तर बाटलीवरच्या नावाचा फोटो मोबाइलमध्ये घ्यावा. घाईत सर्वाधिक विसरली जाते ती वेळ आणि सलाइनचा सगळा हिशेब तर तिथूनच सुरू होतो. म्हणून पाण्याची धार धरणाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणीतरी घड्याळ पाहून ती वेळ कागदावर, नाहीतर सरळ रुग्णाच्या न भाजलेल्या हातावर पेनाने लिहून ठेवायची.